मानाचा धोटा

काशीरामने देव्हाऱ्यातला मागाचा लाकडी धोटा पुसून गोऱ्या बाईच्या हातात ठेवला, आणि बाई रडायलाच लागली.

"काय झालं? लागलं का कुठं?" काशीराम घाबरला.

"तसं नाही," निशा मॅडम म्हणाल्या. त्या महाडच्या कॉलेजात इतिहास शिकवत आणि बाईंना घेऊन घाट चढून कुडपणला आल्या होत्या.

ही गोरी बाई, मार्गारेट हॉलम, विलायतेची. घराणं पिढ्यान्‌पिढ्या विणकरांचं. त्याच्या फांद्या शोधत बाई जगभर फिरली. एक कॅनडात सापडली, एक ऑस्ट्रेलियात. राहिला होता टॉमस, पणजोबांचा भाऊ. तो मुंबईच्या गिरणीत विणकाम शिकवायला आला. इथल्या कुणा बाईपासून त्याला मुलगा झाला, अशी घरात कुजबुज होती. त्या मुलाचा वंश बाईला हवा होता. टॉमसने दिलेला धोटा कुडपणला पुजतात असं मॅडमच्या कानावर आलं, म्हणून दोघी इथं आल्या.

काशीरामला सांगायला कारणच हवं असायचं.

"आमचा पणजा सोमा त्याच गिरणीत साचेखात्यात, मागावर होता. तिथं सूत संपलं की धोट्याच्या भोकाला तोंड लावून नवं सूत ओढायचं. एकाचा धोटा दुसऱ्याच्या तोंडात. म्हणून तिथं फक्त आपली मानसं. भलत्यासलत्याला साच्याजवळ उभं करत नसत. नि त्यातही आमच्या पणज्याचा मान बघा, टॉमस सायबानं त्याला वेगळा धोटा दिला. त्याला दुसऱ्या कुणी तोंड लावायचं नाय!"

"मूळ गाव कुडपणच?" मॅडमनी विचारलं.

"मूळ घाटावरचे. पटकीच्या साथीत घर बुडालं, मग पणजा हितं घरजावई आला."

बाई धोट्यावर कोरलेल्या तीन तिरप्या रेघांवरून बोट फिरवत होती. ती काहीतरी बोलली. काशीरामची मुलगी सारिका चिनी मातीच्या कपांतून चहा घेऊन आली, तेवढ्यात मॅडमनी त्याचा अर्थ सांगितला.

"ही हॉलम घराण्याची खूण आहे. त्यांच्यात असा धोटा फक्त पोटच्या पोराला देतात. बाई म्हणतात, तुम्ही त्यांचं रक्त आहात. तुमचे घारे डोळेही टॉमससारखेच आहेत."

काशीरामचा चहा बशीत सांडला. बाईने त्याचे दोन्ही हात धरले. उद्या पुन्हा येते म्हणाली, आणि गाडी घाट उतरून गेली.

"आता आपल्या शुद्ध कुळाचं काय हो, बाबा?" सारिकाने विचारलं.

तिचा टोमणा काशीरामला कळला. गेल्या शिमग्यानंतर घाटाखालच्या नाते गावातल्या बौद्धवाडीतली सोनाबाई स्वतः वर आली होती, नातू बुद्धरत्नसाठी सारिकाला मागायला. काशीरामने शेजारच्या दुकानातून कागदी कप आणवले होते. म्हातारीने कपाकडे पाहिलं आणि निमूट चहा प्यायली. नातू घाऱ्या डोळ्यांनी जमिनीकडे बघत बसला. ह्याच डोळ्यांनी पोरीला भुलवलं, असं तेव्हा काशीरामच्या मनात आलं होतं. आमचं कूळ शुद्ध आहे, एवढं सांगून त्याने दोघांना वाटेला लावलं. आता पुढल्या आठवड्यात सारिकाला बघायला महाडहून पाहुणे यायचे होते. मुलाचा बाप कुळाचं खोदून विचारणारा. साहेबाचं रक्त निघालं तर लग्न मोडेलच, शिवाय गावात तोंड दाखवायची सोय राहायची नाही.

त्या गिरणीची माहिती असलेलं एकच माणूस हयात होतं, आणि ते होतं खाली नाते गावात, सोनाबाई. अडला हरी गाढवाचे पाय धरी म्हणतात. काशीरामने धोटा पिशवीत घातला आणि तो खाली उतरला.

सोनाबाई ओटीवर बसली होती. "ये बाबा, बस," म्हणाली. चहा कपबशीतून आला. काशीराम क्षणभर थबकला, मग प्यायला. गरज त्याला होती.

"आजी, तुमच्यातलं कुनी टॉमस सायबाच्या गिरणीत होतं ना?"

"आमचे आजेसासरे व्हते, भिकू. नि त्यांचा धाकटा भाऊ. धाकटा तिथनंच कुठं नायसा झाला. आजेसासरे मरेस्तोवर त्याची वाट बघत व्हते."

काशीरामला त्या धाकट्याशी काही देणंघेणं नव्हतं. त्याने सगळी हकीकत सांगितली आणि धोटा पुढे केला. म्हातारीने तो डोळ्यांजवळ नेला. तिन्ही रेघा बोटाने चाचपल्या.

"तुझ्या पणज्याचं नाव काय म्हनलास?"

"सोमा."

तिने धोटा मांडीवर ठेवला.

"त्या बाईला सांग, सायबाचं रक्त तुझ्यात नाय. टिपूसभर नाय."

"तुमी तिच्यासमोर सांगाल?"

"सांगीन की."

काशीरामच्या छातीवरचा धोंडा उतरला. अशा वेळी माणूस सढळ होतो. शिवाय बोलायला पैसे पडत नाहीत.

"एवढं करा आजी, मग सारिका नि बुद्धरत्नचं मी मनावर घेतो."

सोनाबाई उठली. आतून एक गाठोडं घेऊन आली, काशीरामसमोर बसून सोडलं. आत तसाच धोटा होता. त्यावर त्याच तीन तिरप्या रेघा.

"आमच्या मानसांना साच्यावर घेत नसत. आमी तोंड लावलेल्या धोट्याला मागनं कोन तोंड लावनार? तो सायब भला मानूस. त्यानं ह्या दोघा भावांना साच्यावर घेतलं, वेगळे धोटे दिले, वर खूण कोरली, चुकून कुनी बाटू नये म्हनून."

काशीराम दोन्ही धोट्यांकडे बघत राहिला. सोनाबाईने पदराने डोळे पुसले आणि पहिल्यांदाच त्याच्या डोक्यावरून हात फिरवला.

"लग्नाचं मात्र आता इसर, बाला. पोरांना मीच समजावीन. भावकीत सोयरीक होत नाय."