नमुना अ

"निष्कर्ष बदल, मग सही करते." पंकजा मॅडमनी मेहविशचं जर्नल टेबलावरून परत तिच्याकडे सरकवलं.

मेहविशनं ते उचललं नाही. जर्नलवर सही नसेल तर सोमवारच्या प्रात्यक्षिक परीक्षेला बसू देणार नाहीत, हे तिला पक्कं ठाऊक होतं. बारावी जीवशास्त्राचा हा शेवटचा प्रयोग: लघवीतली साखर तपासणे. साऱ्या वर्गानं एकमुखानं लिहिलं होतं, नमुना अ, साखर नाही. नमुना ब, साखर आहे. सह्या घेऊन निम्मी पोरं घोडेगावच्या बाजाराकडे पांगलीसुद्धा. मेहविशनं तेवढं दोन्हींपुढे 'आहे' लिहिलं होतं.

"मॅडम, अ पण विटकरी झाला."

"नळी धुतली नसशील."

"धुतली होती, मॅडम."

"मग नीट धुतली नसशील."

"अगं मेहविश, परीक्षक जर्नल बघनार," शेजारच्या टेबलावरून कल्याण म्हणाला. "तुझ्या नळीला कोन इचारतंय?" कल्याणचं हे बारावीचं दुसरं वर्ष. गेल्या साली त्यानं सगळे प्रयोग केले आणि ऐन परीक्षेच्या तोंडावर घरच्यांबरोबर ऊसतोडीला जावं लागलं. त्यामुळे प्रयोगशाळेत तो स्वतःला निम्मा मास्तर समजे.

मॅडम स्टुलावर बसून होत्या. पूर्वी त्या टेबलाटेबलांतून फिरत. यंदा स्टूल त्यांच्याबरोबर फिरत होतं. पाण्याची बाटली दुपारच्या आत दोनदा रिकामी झाली होती. थकव्याचा हिशोब त्यांनी कधीच लावून टाकलेला होता. थोडा वाटा निवडणुकीच्या कामाचा, थोडा पेपर तपासणीचा, आणि उरलेला सासूबाईंच्या गुडघ्यांचा, कारण त्यांना रात्री उठवून संडासला न्यावं लागे. ताळा जमत होता. मग आणखी कशाला खोलात शिरायचं?

सुरक्षिततेच्या बाबतीत मात्र त्या कुणाला सूट देत नसत. हातमोजे घाला. ओढणी मागे बांधा. नळीचं तोंड कुणाच्या तोंडाकडे नको. नमुना कुणाचा, हे विचारायचं नाही. कुणाचाही असला तरी रोग्याचाच समजून हाताळायचा.

हा शेवटचा नियम जरा त्यांच्या सोयीचाही होता. नमुना आणायला सांगितला की मुली लाजून मान खाली घालत आणि एखादा बहाद्दर बाटलीत कोरा चहा भरून आणी. काही ठिकाणी हळदीच्या पाण्यावर भागवतात, ते मॅडमना पटत नसे. पोरांना खरा नमुना हाताळता आला पाहिजे. म्हणून प्रयोगाच्या सकाळी त्या घरून स्वतःच्याच लघवीची बाटली भरून आणत. अर्धी अ म्हणून ठेवत, अर्धीत ग्लुकोज ढवळून ब तयार करत. कुणाला पत्ता नव्हता. नमुना खरा आणि निष्कर्ष पुस्तकातला, असा इतक्या वर्षांचा चोख व्यवहार होता.

"आण इकडे," त्या उठल्या. उठताना टेबलाला हात टेकला. "मी करून दाखवते. मग तरी लिहिशील ना?"

"लिहीन, मॅडम."

त्यांनी नवी नळी घेतली, धुतली, पुसली, वर धरून मेहविशला दाखवली. नवा ड्रॉपर काढला. साखर असली की विटकरी होणारं बेनेडिक्टचं निळं द्रावण ओतलं, अ मधले थेंब टाकले आणि नळी उकळत्या पाण्यात धरली. निळं हिरवं झालं, हिरव्याचं पिवळं, आणि मग भाजलेल्या विटेसारखा रंग तळापासून वर चढला.

"द्रावण जुनं असेल," मॅडम म्हणाल्या.

"मग नुसतं पाणी टाकून बघू का?" मेहविशनं विचारलं. त्यात उर्मटपणा नव्हता. पुस्तकात तसंच दिलं होतं, आणि तो धडा मॅडमनीच शिकवला होता.

पाणी टाकलेली नळी कितीतरी वेळ उकळली. निळी ती निळीच राहिली.

मॅडमनी दोन्ही नळ्या शेजारी शेजारी स्टँडवर ठेवल्या. मग पुन्हा स्टुलावर बसल्या. अ ची बाटली उचलून चिठ्ठी वाचली, ठेवली, पुन्हा उचलून वाचली. अक्षर त्यांचंच होतं. बाटलीही.

मेहविश खाली बघत उभी होती. आता ओरडा बसणार, असं धरूनच चालली होती. "मॅडम, तुम्ही म्हणत असाल तर खोडते," ती हळूच म्हणाली. "परीक्षा बुडायला नको."

"नको खोडूस."

त्यांनी जर्नल ओढून घेतलं. 'नमुना अ: साखर आहे' या ओळीवर बोट ठेवून ती शेवटपर्यंत वाचली आणि खाली सही केली.

"अवो मॅडम, हे बरं हाय!" कल्याण हसत पुढं आला. "गेल्या साली माझाबी अ असाच इटकरी झाल्ता. मी 'हाय' लिव्हलं, तर तुमीच खोडाय लावलं की."