सात हातांवरची खुंटी
जायकवाडीच्या पाण्याकाठी आवडाबाईच्या शेतात सातवाहनकाळची विटांची भिंत निघाली, तेव्हा औरंगाबादहून आलेल्या पुरातत्त्व खात्याच्या साहेबानं काठापासून सात हातांवर खुंटी ठोकली. “हिला जपा, मावशी,” म्हणाला आणि गेला. आवडाबाईला संशय आला. धरणाच्या वेळीही आधी खुंट्याच आल्या, मग गाव बुडालं. सातचे सहा हात झाले तर आळ आपल्यावर येईल, उरलंसुरलं शेतही जाईल, या धास्तीनं, लाटांनी काठ खाल्ला की, ती खुंटी मागं नेऊन रोवायची. वर्षानं नवा साहेब टेप घेऊन आला. “सातच हात. काठ शाबूत आहे. ढासळला असता तर दगडी बांध घातला असता. भिंतही वाचली असती, शेतही.” “लई गोड बोलता, सायेब. शेत घेणार नाय ना?” “नाही, मावशी.” त्याला नीट न्याहाळून ती लुगडं खोचत गुडघाभर पाण्यात शिरली. “पहिली खुंटी इथं व्हती.”