बिनधुराची शेकोटी

एस्किलनं ड्रिल बंद केलं आणि दोन्ही पिंपांना पडलेली भोकं बोटानं चाचपली. मोठ्या पिंपाला तळाशी, लहानाला वरच्या कडेला.

"आता लहान मोठ्यात बसव," तो म्हणाला, "आणि मधली फट वरून अगदी बंद कर. नाहीतर सगळा खटाटोप वाया."

वाल्डेमारनं मान हलवली. सत्तरीतला तो माणूस आठवडाभर परसात खपत होता. तळातून शिरलेली हवा दोन पत्र्यांमधून तापत वर जाणार आणि वरच्या भोकांतून आत येऊन धूरच जाळून टाकणार. शेजारच्या एस्किलचा जन्म बोटींच्या कारखान्यात पत्रे जोडण्यात गेलेला. हत्यारं त्यानं आपणहून आणली होती.

सगळं चाललं होतं गुनवोरसाठी. शेकोटी म्हणजे तिचा जीव की प्राण. पूर्वी सप्टेंबर लागला की ती आणि वाल्डेमार याच परसात बसत. ती गुणगुणायची, तो भूर्जाची लाकडं सारायचा. मग तिची छाती बिघडली. गेल्या वर्षी त्यानं शेकोटी पेटवली, तर ती खोकत आत गेली आणि खिडकी लावून घेतली. तेव्हापासून संध्याकाळी बाहेर बसणंच तिनं सोडलं. आता तर समुद्रकाठी, बहिणीच्या गावी कायमचं जायचं म्हणत होती.

"तिनं विचारलं, ठोकाठोक कसली चाललीय," एस्किल म्हणाला.

"मग?"

"म्हटलं, वाल्डेमार कोंबड्या पाळतोय."

"पटलं तिला?"

"म्हणाली, कोंबड्यांना भिणारा माणूस आहे तो."

वाल्डेमार हसला. मग बराच वेळ वाकून फट लिंपत राहिला.

रविवारी पहिल्यांदा पेटवली, तर धुराचे लोटच्या लोट उठले. खिडकी धाडकन लागली. लाकडं ओली आहेत, असं एस्किलचं म्हणणं पडलं. वाल्डेमारनं बादलीभर पाणी ओतलं आणि तिथंच बसून राहिला. पुढचे दहा दिवस तो ओंडके बारीक फोडून चुलीशेजारी वाळवत होता.

बुधवारी सूर्य झाडांमागे जाताना त्यानं पुन्हा काडी लावली. आधी थोडा करडा धूर निघाला. मग वरच्या भोकांतून ज्वाळा आत वळल्या आणि धूर विरून गेला.

"बोलावू तिला?" एस्किलनं विचारलं.

"तूच बोलाव. मी म्हटलं तर यायची नाही."

एस्किल तिला बोलवायला गेला. थोड्या वेळानं दार वाजलं. गुनवोर लोकरीची शाल लपेटून एस्किलबरोबर बाहेर आली. तिनं हळूच हवा हुंगली. खोकला आला नाही.

"जमलं की रे तुला," ती म्हणाली.

वाल्डेमारनं शेकोटीत आणखी एक लाकूड सारलं. "बैस ना," तो म्हणाला.

गुनवोर बसली. कुंपणापलीकडे, स्वतःच्या अंगणात, नवऱ्याच्या खांद्यावर डोकं टेकून. एस्किलनं तिची शाल नीट केली.