चहाच्या रंगाचं पाणी

शेतांतून तलावात वाहून येणारं तणनाशक मृण्मयीने दोन बरण्यांत सारखंच टाकलं होतं. नळाच्या नितळ पाण्यातल्या गोगलगायी तळाशी निपचित पडल्या होत्या. तलावाच्या चहासारख्या तपकिरी पाण्यातल्या मात्र काचेवर सावकाश चढत होत्या.

"कुजक्या पानांचा जो अर्क पाण्यात उतरलाय, तो औषधाला धरून ठेवतोय," ती कुजबुजली. "यांच्या अंगात फारसं जाऊच देत नाहीये."

तलावात मासे धरणाऱ्या शेवंताबाई वाकून बघत होत्या. "म्हणजे मेलेली पानं राखण करतात जी यांची?"

मृण्मयीने उद्या ग्रामपंचायतीत द्यायचा अहवाल उघडला. 'पानं पडून पाणी घाण होतं. काठची झाडं तोडावीत.' अक्षर तिचंच होतं. तिने ओळ खोडली.

"मॅडम, हे बघा." शेवंताबाईंनी तपकिरी बरणीवर बोट टेकवलं. "इथं हिनं अंडी घातलीत."