खापरीवरचं नाव

राजाभाऊंनी सहावी खापरी उलटली. तिच्यावरही आरुषीच.

न्यूझीलंडमधल्या अप्पर हट गावातल्या एका हॉलमध्ये दर रविवारी मराठीचा वर्ग भरे. राजाभाऊ सहा महिन्यांसाठी मुलाकडे आले आणि वर्ग आपसूक त्यांच्याकडे आला. आज त्यांनी ग्रीकांची लोकशाही काढली होती. अथेन्सचे लोक फुटक्या मडक्याच्या तुकड्यावर एकाचं नाव कोरत. सगळ्यांत जास्त तुकड्यांवर ज्याचं नाव, त्याने दहा वर्षं गाव सोडायचं. मुलांना नीट कळावं म्हणून राजाभाऊंनी बागेतली कुंडी फोडून आणली होती. मुलं खोड्या काढतील, एकमेकांची नावं टाकतील, मग विचारू, काही गुन्हा नसताना माणसाला असं घालवावं का, असा त्यांचा बेत. ज्यांना मराठी लिहिता येत नव्हतं त्यांना ते म्हणाले होते, "आईच्या कानात सांगा, आई लिहील."

मुलं नऊ. सहा खापऱ्यांवर आरुषी. सहाही ठिकाणी अक्षर मोठ्या माणसाचं, वळणदार.

"आजोबा, हे राँग आहे!" नातू इंद्रनील ओरडला. "मी शंतनू सांगितलं होतं. स्विमिंगला तो माझे कपडे हाइड करतो! आईने दुसरंच लिहिलं."

"मी पण शंतनूच!" सानिका म्हणाली. शंतनू खूश होऊन दात काढून हसला.

मागच्या खुर्च्यांवरच्या आया एकदम पर्स आवरायला लागल्या.

राजाभाऊंनी हातातली खापरी खाली ठेवली. गेल्या रविवारी आरुषीच्या आईने, सुजाताने, बुद्धपौर्णिमेची खीर आणली होती. पातेलं भरलेलंच परत गेलं. मुलांना आज भूकच नाही, असं याच बायका म्हणाल्या होत्या. आणि आयुष्यभर वर्ग सांभाळलेल्या राजाभाऊंनी ते खरं मानलं होतं.

सुजाताची आज हॉस्पिटलात ड्यूटी होती. आरुषीने वही दप्तरात भरली, चेन लावली.

"आजोबा, टेन इयर्स म्हणजे सतरा वर्षांची झाले की येऊ?"

"तू कुठेही जायचं नाहीस. बस, बाळ."

सून सुखदा लगबगीने पुढे आली. आवाज खाली आणून म्हणाली, "बाबा, खेळच होता ना तो! सुजाताला नका सांगू हं, उगाच वाईट वाटेल तिला."

राजाभाऊंना तिच्याकडे बघवेना. ते मुलांकडे वळले.

"एक सांगायचं राहिलं, मुलांनो. ज्याला जायचं त्याला आवराआवरीला दहा दिवस मिळत."

मग सुनेला म्हणाले, "मला एवढे नाही लागणार. बॅग एकच आहे. संध्याकाळी सुजाताला विचारतो, तिच्याकडे खोली आहे का."