दुपारी जागी असलेली बाई

दोष तुमचाच. निरोप तुम्ही धाडला होता. सकाळी नऊ वाजता गोव्यातल्या मये गावच्या त्या वाड्यावरचे सगळे फोन एकदम किंचाळले: 'तुमच्यातला एकजण माणूस नाही. हुबेहूब नक्कल आहे. ओळखा. सहकार्य करा.' खाली सही नाही, शिक्का नाही. हेल्पलाइनचा नंबर तेवढा होता.

वाड्याने सहकार्य केलं. पंधरा घरांचं एवढं एकमत जत्रेलाही झालं नव्हतं. वाड्यातल्या जाणत्या गुरुदासबाबांनी कसोटी काढली: नक्कल झोपत नाही. जेवून अडीच वाजता जो आडवा होत नाही, तो माणूस कसला? मग अडीचच्या ठोक्याला सगळी बापय मंडळी, घरोघरचे पुरुष, एकमेकांच्या खिडक्यांतून डोकावत फिरली.

शालिनी सापडली. सावंतवाडीकडची, अकरा वर्षं गुरुदासबाबांच्याच खोलीत भाड्याने राहणारी. दुपारचीही शिवत बसली होती, कारण चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, आठवड्यावर आली होती आणि ब्लाउज या डोकावणाऱ्यांच्याच बायकांचे होते.

तिने मशीन थांबवलं नाही. "मी जागी आसंय, ह्यां तुमी बघलास. मगे तुमी खंय निजललास, गुरुदासबाब?"

खरंच, त्या दुपारी वाड्यात झोपलेलं कोणीच नव्हतं. संध्याकाळपर्यंत शेजारणींनी एकमेकींच्या घरचा चहा सोडला. गुरुदासबाबांची बायको विमला, नवरा जागा होता एवढ्याच धसक्याने, साखळीला माहेरी गेली. चौथ्या दिवशी अकरा घरांना कुलपं.

तरी शालिनीचं शिलाई मशीन अंगणात आलंच. "म्हजो विश्वास आसा गो," गुरुदासबाब दारामागून म्हणाले, "पूण तूं मनीस म्हणून कागद हाड. मागीर खोली तुजीच."

तो कागद आणायला तिने तुमच्या नंबरवर फोन लावला. तुमच्या यंत्राचा आवाज काय गोड. 'माणूस असाल तर एक दाबा.' तिने एक दाबला. 'आपल्याला दाखला मिळेल. त्यासाठी आपल्याच वाड्यातल्या, माणूस असल्याची खात्री पटलेल्या दोन शेजाऱ्यांच्या सह्या आणा.'

ती अजून अंगणात उभी आहे, फोन कानाला. चार घरं उरलीत, चारही आतून कडी लावलेली. आता ठेवू नका फोन. सांगा, ते दोघे तिने आणायचे कुठून?