समुद्रापलीकडची शिकवणी

संगणकावरची चौकट अजून राखाडीच होती. तिच्या मधोमध एक छोटं वर्तुळ गरगरत होतं. त्याच्या पलीकडे कुठेतरी थिओ गुरुजींची बाहुली एक पाय उचलून ताटकळत होती.

संगणकाची कामं करणाऱ्या लाय हुइरूनं शियामेनच्या आपल्या खोलीतून मलेशियातल्या पिनांगला फोन लावला.

"गुरुजी, तुमचं पान इथं उघडतं. पण चित्रफिती ज्या परदेशी ठिकाणी ठेवल्यात, ते चीनमध्ये बंद आहे. त्या उचलून इकडेच कुठेतरी ठेवायला हव्यात."

"म्हणजे बाहुली वेशीवर अडकली म्हण," म्हातारा हसला. "मी गावातून बोटीनं आलो तेव्हा इतका लहान होतो, की मला कुणी अडवलंसुद्धा नाही."

गुरुजींनी जन्मभर दोऱ्यांवरच्या बाहुल्या नाचवल्या होत्या. पिनांगमध्ये शिकायला कुणी उरलं नव्हतं. नातवानं त्यांचे धडे चित्रित करून इंटरनेटवर ठेवले, तोवर त्यांचे हात थरथरू लागले होते. ज्या बाहुल्यांना कुणी चालवणार नाही, त्या माझ्याबरोबर शवपेटीत ठेवा, असं त्यांनी घरच्यांना बजावलं होतं. मग एक दिवस त्यांच्या चीनमधल्या जन्मगावाहून, तिथल्या शाळेच्या च्वांग बाईंचा निरोप आला. आमच्या वर्गाला शिकायचंय, पण पडद्यावर काहीच दिसत नाही. त्या दिवसापासून गुरुजींचा एकच ध्यास होता. गावातली मुलं शिकली, तर बाहुल्या गावी जातील. पान दुरुस्त करायला नातवानं हुइरूला शोधून काढलं होतं.

हुइरूनं मूळ चित्रफिती मागवल्या, हलक्या केल्या आणि देशातल्याच सर्व्हरवर ठेवल्या. बाहेर समुद्रावर धुकं उतरलं होतं. पडद्यावर लाल झग्यातली बाहुली अधांतरी पावलं टाकत होती. बघता बघता हुइरूला वाटलं, ही आता खिडकीतून निघेल आणि धुक्यावरून चालत जाईल.

तरीही गावात पान उघडेना. दोष शोधायला वेळ लागला. चित्रफिती घरी आल्या होत्या, पण पान अजून अक्षरांचं वळण, म्हणजे फॉन्ट, परदेशातूनच मागवत होतं आणि उत्तराची वाट बघत बसलं होतं. तिनं अक्षरंही घरचीच दिली. च्वांग बाईंनी फोनवर चित्रफितीतल्या बाहुलीच्या घंटेचा आवाज ऐकवला, तेव्हा हुइरूचे डोळे भरून आले.

त्यानंतर बाईंच्या मागण्या सुरू झाल्या. चित्राखालची अक्षरं मोठी हवीत, मागच्या रांगेला दिसत नाहीत. धडे सावकाश हवेत, बोटं अजून ऐकत नाहीत. आणि छोटे हवेत, जेवणानंतर अर्धा वर्ग पेंगतो. हुइरू एकेक गोष्ट करून देई आणि वर्गाच्या गमती गुरुजींना सांगे. आ-हाई सगळ्यांत खोडकर. आ-लान गुणी, पण संध्याकाळ झाली की आईची आठवण काढून रडते. मग बाई वर्गातली सरावाची बाहुली तिच्या मांडीवर झोपवतात.

आ-हाईला दात नाहीत, म्हणून त्याला शेंगदाणे कुटून द्यावे लागतात, हे ऐकून गुरुजी खूश झाले.

"नवे येतील म्हणावं. त्या वयात सगळ्यांचेच पडतात."

हुइरूनं हा निरोप पोचवला. च्वांग बाईंनी दातांचा विषय तिथंच सोडला. मग म्हणाल्या, "गुरुजींना सांग, वर्ग मनापासून शिकतोय."

गुरुजींना आता झोपेतही गाव दिसू लागलं. देवळापुढचं अंगण, लोंगानची फळझाडं, अनवाणी धावणारी पोरं. एका सकाळी त्यांनी सगळ्या बाहुल्या बोटीनं पाठवून दिल्या. नातू म्हणाला, आजोबा, एक तरी ठेवा. त्यांनी मान हलवली.

पेटी हुइरूकडे आली. सोबत गुरुजींची एकच अट होती. बाहुल्या मुलांच्या हातात देताना गुरुजींना फोनवरून मुलांचे चेहरे दाखवायचे.

ती गावात पोचली तेव्हा धुकं पुरतं विरलं नव्हतं. गल्ल्या गप्प होत्या. दारांवरचे नववर्षाचे लाल कागद उन्हानं फिकट गुलाबी झाले होते. शाळेतून मात्र गलका ऐकू येत होता. कुणीतरी भांडत होतं, कुणी खदखदून हसत होतं. च्वांग बाई पायरीवर उभ्या होत्या. त्यांनी पेटीकडे पाहिलं आणि हुइरूचा हात धरला.

"आत जाण्याआधी मला तुला काहीतरी सांगायचंय, बाळ."

पण फोन केव्हाच लागला होता.

"पोरी, कुठवर आलीस?" गुरुजींचा आवाज आला. "दाखव ना मला मुलं."

हुइरूनं दार ढकललं आणि ती उंबऱ्यातच थांबली. हातातला फोन मात्र वर्गाकडे वळलेलाच राहिला.

बाकांना काठ्या टेकवून ठेवल्या होत्या. खिडकीतल्या उन्हात सगळी डोकी कापसासारखी पांढरी दिसत होती. सुरकुतलेल्या बोटांतून सरावाच्या दोऱ्या लोंबत होत्या. पुढच्या बाकावरचा बोळका म्हातारा शेजारच्या आजीची पातळ, रुपेरी वेणी हळूच ओढत होता.

"पोरं सगळी शहरात गेली, शाळेत आता हेच," च्वांग बाई मागून पुटपुटल्या.

"आ-हाई," गुरुजी म्हणाले, "मी बोटीत बसलो तेव्हाही तू तिची वेणीच ओढत होतास."